नापास झालेला राजाछाप

आमच्या घरातला एक रुपया नापास झाला, त्याची ही हकिगत आहे. त्याला मी नापास केलं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आमच्या अयोध्या नगर कॉलनीत सध्या तसं बोललं जातं, आणि त्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या तिवारीजींचा मोठा वाटा आहे.

मी गजानन सबनीस. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होतो. म्हणजे इतरांनी वस्तू बनवायच्या आणि मी त्या नाकारायच्या. निवृत्त झालो आणि नाकारायला काही उरलं नाही. दोन-तीन महिने मी भाजी नाकारून बघितली, पण लीलानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, पिशवी माझ्या हातात देणंच बंद केलं. मग मी जुनी नाणी जमवू लागलो.

नाण्यांच्या जगात दोन पंथ आहेत. एक पंथ डोळ्याला भिंग लावतो, ओरखडे मोजतो, झीज बघतो आणि सत्तरपैकी गुण देतो. हा माझा पंथ. दुसरा पंथ नाणं उजेडाकडे धरतो आणि "वा" म्हणतो. या पंथाचं म्हणणं असं, की नाणं नजरेत भरलं पाहिजे, ओरखडे काय सगळ्यांनाच असतात. आता हे "वा" कशात मोजायचं? कारखान्यात एकदा एक ओतीव भाग आला होता, इतका गुळगुळीत की येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवायचा. जनरल मॅनेजरांनीही फिरवला. मी चाचणी लावली तर आत वीतभर भेग. तेव्हापासून कुठलीही वस्तू सुंदर दिसली की मला आधी संशय येतो. लग्नाच्या वेळी हा स्वभाव नव्हता, हे लीलाच्या माहितीसाठी नमूद करतो.

माझ्याकडे एक राणीछाप रुपया आहे, १८६२ सालचा. झीज नाही, ओरखडे नसल्यासारखे, टाकसाळीतून निघाला तेव्हाची चकाकी शाबूत. फक्त राणीच्या गालावर एक मोठा काळा डाग आहे. चांदी आहे, हवा लागली की काळवंडते. त्यानं गुण फारसे कमी होत नाहीत. लीलानं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, "हिला कुणी मारलं हो?" मी तिला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विचारलं.

लीलाकडेही एक रुपया आहे. राजाछाप, १९१२ सालचा. तिच्या आईला तो सासूनं पहिल्या लक्ष्मीपूजनाला दिला होता आणि आईनं आमच्या पहिल्या लक्ष्मीपूजनाला लीलाला दिला. सत्तर वर्षांत एकाही दिवाळीला तो पाटावर नव्हता असं झालेलं नाही. पंचामृतानं स्नान, मग कोमट पाणी, मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं टिपणं, आणि पुन्हा वर्षभर खणाच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात. चिंच, रांगोळी, पावडर काही लावायचं नाही अशी आईची ताकीद होती. त्यामुळे त्यावर रंग चढले आहेत. कडेला निळा, आत जांभळा, राजाच्या मुकुटापाशी सोनेरी. दिसतो देखणा, ते मी नाकारत नाही. पण भिंगाखाली धरला की सत्तर वर्षांच्या पुसण्याच्या बारीक रेघा सगळीकडे.

शाहपुऱ्यात तळ्याजवळ एका कोचिंग क्लासच्या वर्गात आमच्या नाणेसंग्राहक मंडळाची बैठक भरते. जानेवारीत प्रदर्शन होतं, आणि प्रत्येक सभासदानं एकच नाणं ठेवायचं असतं. मी राणी ठेवणार हे ठरलेलंच होतं. नवरात्रातल्या बैठकीला मी राणीसोबत राजालाही नेलं, ते केवळ दिसायला चांगलं पण मुळात कमअस्सल कसं असतं याचा नमुना म्हणून. लीलानं परवानगी दिली होती. "खणासकट न्या, खणासकट आणा," एवढंच म्हणाली.

मी राणी पुढे केली. ती सगळ्यांच्या हातातून फिरून दोन मिनिटांत माझ्याकडे परत आली. राजा मात्र पाऊण तास परत येईना. लोक खिडकीपाशी उभे राहून तो तिरपा करत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. एका गृहस्थांनी तर बायकोला व्हिडिओ कॉल लावून दाखवला. शेवटी सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सबनीस जी, जनवरी में राजा ही लाइए. रानी को घर पे आराम करने दीजिए."

एकतीस वर्षं माझ्या सहीशिवाय कारखान्याच्या फाटकातून एक नट बाहेर पडला नाही, आणि इथे कोचिंग क्लासच्या बाकावर बसलेली मंडळी मला माझी राणी घरी ठेवायला सांगत होती. मी खूप चिडलो. घरी येताना स्कूटरवर ठरवून टाकलं की दोन्ही नाण्यांची अधिकृत तपासणी करून घ्यायची. मग बघू कोण आराम करतं ते.

अशी तपासणी करणाऱ्या एका कंपनीचा काउंटर अरेरा कॉलोनीत आहे. ते नाणं मुख्य कार्यालयाकडे पाठवतात, तिथे तज्ज्ञ गुण देतात आणि नाणं प्लॅस्टिकच्या दोन जाड पाकळ्यांमध्ये ठेवून यंत्रानं कायमचं बंद करतात. याला स्लॅब म्हणतात. काउंटरवरच्या मेघा नावाच्या मुलीनं सांगितलं की एका अर्जात मालक एकच. दोन मालक असतील तर दोन अर्ज, दोन आधार कार्डं, आणि दुसऱ्या मालकानं समक्ष यायचं. लीला घरी भाजणी भाजत होती. मी दोन्ही नाण्यांपुढे मालक म्हणून माझं नाव लिहिलं.

आता इथे मला जरा खाली बघून लिहावं लागतंय. निघताना लीलानं विचारलं होतं, "पूजेआधी परत येईल ना?"

"शब्द देतो."

"जसाच्या तसा?"

"जसाच्या तसा," मी म्हणालो. स्लॅबचं मी बोललो नाही. बोललो असतो तर तिनं राजा दिलाच नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

निकाल धनत्रयोदशीच्या सकाळी हातात पडला. राणीला सत्तरपैकी त्रेसष्ट. राजाच्या स्लॅबवरच्या पट्टीवर गुणच नव्हते. तिथे छापलं होतं, "पुसलेले नाणे. गुण देण्यास अपात्र." मला इतका आनंद झाला की येताना मी अर्धा किलो काजूकतली घेतली. स्वतःच्या बायकोचा रुपया नापास झाला म्हणून मिठाई घेणारा मनुष्य भोपाळात मी एकटाच असेन.

लीलानं मिठाईकडे बघितलं नाही, स्लॅबकडेही आधी बघितलं नाही. तिनं पावती वाचली. "मालक, गजानन सबनीस," ती म्हणाली. "दोन्हींचे?"

"ती फक्त फॉर्मची अडचण होती."

"हं." मग तिनं स्लॅब उचलला, उलटा केला, कानापाशी हलवून बघितला. "उघडा."

"ते उघडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तीच त्याची खुबी आहे. हवा नको, हात नको. पुढची शंभर वर्षं आहे तसा राहील."

"आणि परवा पंचामृत कशावर घालू? या डबीवर?"

मी म्हणालो की शास्त्रात नक्की काहीतरी सोय असेल. लीला भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आत गेली, देवघरापुढे पाट मांडला आणि त्यावर खणाचा रिकामा तुकडा उलगडून ठेवला. मी तो ओलांडून पाणी प्यायला गेलो आणि ओलांडूनच परत आलो.

दुपारी मी पुन्हा अरेरा कॉलोनीत. मेघा म्हणाली, "सर, स्लॅब खोलने का अलग फॉर्म है." फॉर्म दोन पानी होता. नाणं मुख्य कार्यालयात पाठवायचं, एकवीस कामाचे दिवस, सुट्ट्या वगळून. उघडण्याच्या कारणासाठी चार चौकोन होते: फेरतपासणी, पट्टी खराब, विक्री, न्यायालयीन आदेश. मी विचारलं, पूजा कुठे लिहू? तिनं आत जाऊन कुणाला तरी विचारलं आणि सांगितलं की "अन्य" लिहा, पण त्यासाठी स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र लागेल की सदर नाण्यावर मालकाखेरीज कुणाचा हक्क नाही. मी पेन खिशात परत ठेवलं. तिला माझी दया आली असावी. हळूच म्हणाली, "सर, घर पे तोड़ लीजिए. सब तोड़ते हैं. बस हमारी ज़िम्मेदारी नहीं."

घरी आलो तर समोरच्या मंदाकिनी वहिनी सोफ्यावर बसलेल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, यजमान मंत्रालयात होते. आमच्या घरातली बातमी आमच्याआधी त्यांना कळते. "भाऊजी, तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिले," त्या म्हणाल्या. "वरूनच घाला नं पंचामृत. माझ्या नणंदेनं अमेरिकेत मोबाइलवर फोटो ठेवून पूजा केली. तिचं काय वाईट झालं?" मग त्यांनी त्यांच्या गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. गुरुजी कुठल्यातरी दुकानाच्या पूजेत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की भाव महत्त्वाचा, प्लॅस्टिकवरून चालेल.

लीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मग नैवेद्यही डब्याचं झाकण न काढता दाखवायचा का, तेवढं विचारा," ती म्हणाली.

गुरुजींनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान आटोपून मी कामाला लागलो. तन्वी, आमची मुलगी, सुट्टीवर आली होती. तिनं मोबाइलवर शोधून सांगितलं, "बाबा, फ्रीजर में रखो, प्लॅस्टिक ब्रिटल होतं. मग हलकं सा ट्विस्ट द्यायचं." मी आधी व्हर्निअरनं स्लॅबची लांबी, रुंदी, जाडी मोजली, वहीत आकृती काढली आणि राजाला मटाराच्या पिशवीवर ठेवलं. चार तासांनी काढला. प्लॅस्टिक गार होतं, बाकी जसंच्या तसं. मी पिळून बघितलं तर माझं मनगट दुखावलं. मग मंदाकिनी वहिनींनी दारातूनच सुचवलं की गरम पाण्यात टाका, बरणीचं झाकण असंच निघतं. टाकला. झाकण निघालं नाही, पण सांध्यात कुठेतरी केसाएवढी फट असणार, कारण पाणी आत गेलं. बाहेर काही केल्या येईना. राजाच्या दाढीपर्यंत पाणी आलं आणि वरचा भाग वाफेनं धुरकट झाला. कायमचा हवाबंद म्हणून ज्याची मी काल स्तुती केली होती, ते प्रकरण तपासणीत पहिल्याच फटक्याला नापास. पण हे कुणाला सांगणार? लीला फराळाची ताटं भरत होती. तिनं एकदा माझ्या हातातल्या त्या छोट्या तळ्याकडे बघितलं आणि ताटं भरत राहिली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तिवारीजी आले. शैलेंद्र तिवारी कारखान्यात वेल्डिंग शॉपला होते. त्यांची किती कामं मी परत पाठवली याचा हिशोब त्यांनी ठेवलेला आहे, मी ठेवलेला नाही. हातात हॅकसॉ, पक्कड आणि हातोडी. "पंद्रह सेकंड का काम है सबनीस जी. आप बस देखिए."

"बघायचं नाही, नीट करायचं आहे," मी म्हणालो. "आधी कुठून कापायचं ते ठरवू." मी वही उघडली.

"अब इसकी भी ड्रॉइंग है?" तिवारीजींनी आकृती बघितली. "पास कौन करेगा?"

गच्चीवर वाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा, लावला. वाइसच्या जबड्यांना मी फ्लॅनेलचं कापड लावलं, नाणं कुठे आहे ते पेननं प्लॅस्टिकवर आखलं आणि तिवारीजींना रेषेच्या आत यायचं नाही अशी लेखी नाही तरी स्पष्ट सूचना दिली. ते कापू लागले. खरं सांगायचं तर माणसाचा हात उत्तम आहे. तीन बाजू त्यांनी अशा कापल्या की रेषेपासून केसभरही सरकले नाहीत. चौथी बाजू राहिली. खाली मुलांनी लवंगी लावायला सुरुवात केली होती, सूर्य खाली गेला होता, आणि लीलाचा आवाज आला, "अहो, साडेसहाला बसायचंय."

"लाइए, एक झटका," तिवारीजी पक्कड घेऊन म्हणाले.

मी ती त्यांच्या हातातून घेतली. शेवटची पायरी वेल्डिंग शॉपच्या हाती सोपवणं मला जमलं नाही, एवढंच त्याचं कारण. मी पक्कड फटीत घातली, अंदाज घेतला आणि पिळली. प्लॅस्टिक मोठा आवाज करून फुटलं, आत उरलेलं पाणी माझ्या झब्ब्यावर उडालं, पक्कड घसरली, आणि राजा कठड्यावर आपटून फरशीवर घरंगळत गेला.

तिवारीजींनी तो उचलला, बघितला आणि काही न बोलता माझ्या हातात ठेवला. हा मनुष्य गप्प राहिला तेव्हाच मी समजलो. राजाच्या कानापासून कडेपर्यंत, बरोबर त्या निळ्या आणि जांभळ्यातून, एक पांढरा ताजा ओरखडा गेला होता. त्यासाठी भिंगाची गरज नव्हती. सत्तर वर्षांत दोन बायकांनी त्याला पंचामृतात बुडवून, टिपून, खणात गुंडाळून ठेवलं होतं, आणि त्याला पहिला खरा घाव मी घातला होता. गच्चीवर उभ्या उभ्या मला अतिशय वाईट वाटलं. माझ्या राणीच्या गालावरचा डाग एवढा वेळ मी सगळ्यांना समजावत आलो होतो. हे कुणाला आणि काय समजावणार?

खाली लीला पाटापाशी बसली होती. मंदाकिनी वहिनी कापसाच्या वाती करत होत्या, तन्वी समई पुसत होती. तिवारीजी माझ्यामागून आले होते, ते दारातच थांबले. मी रुपया लीलाच्या हातावर ठेवला.

"ओरखडा पडला," मी म्हणालो. "माझ्या हातून. तिवारीजींच्या नाही."

लीलानं रुपया दिव्याकडे धरला. बराच वेळ बघितला. अंगठा त्या पांढऱ्या रेघेवरून एकदा फिरवला. मला वाटलं रडेल.

"आता हा नापासच ना?" तिनं विचारलं.

"आधीच होता."

"आता आणखी?"

"आता कुणी हातही लावणार नाही. प्रदर्शनात नाही, कुठेच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तरी घरात राहील." तिनं तो खणावर ठेवला. मग पाटाखालून ती पावती काढली आणि माझ्यापुढे धरली. "हे मात्र दुरुस्त करा. कारखान्यात करायचात तसं. लेखी."

माझ्या झब्ब्याला पेन होतंच. मी पावतीच्या मागच्या बाजूला लिहिलं: वस्तू, राजाछाप रुपया, नग एक. मालक, सौ. लीला गजानन सबनीस. दोष, ओरखडा एक, ताजा. मग "दोष कुणाचा" हा रकाना आला. या रकान्यात मी आयुष्यभर लोकांची नावं लिहिली आहेत, वेल्डिंग शॉपची तर किती. तिथे स्वतःचं नाव लिहायला मला थोडा वेळ लागला. लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

लीलानं कागद घेऊन नीट वाचला आणि दाराकडे धरला. "तिवारीजी, इसपर आपकी भी साइन चाहिए. देखा ना आपने?"

तिवारीजींनी चपला काढल्या, आत आले, कागद गुडघ्यावर ठेवून चष्मा लावला आणि माझ्या नावाचा रकाना दोनदा वाचला. मग सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. लीलानं कागदाची घडी करून कमरेला खोचली, रुपया तबकात ठेवला आणि पंचामृताची वाटी उचलली.

"बसा आता," ती मला म्हणाली. "आणि झब्बा ओला आहे, जरा लांब बसा."